कंपायलर-बदल व आज्ञावलीच्या बांधणीतील बिघाड

संगणकाची आज्ञावली सामान्यतः सी, सी++, फोर्ट्रान यांसारख्या उच्चस्तरीय भाषेत लिहिली जाते. या लेखनास मूळ संहिता म्हणतात. मूळ संहितेचे यंत्राला कळणाऱ्या संकेतांत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीस कंपायलर किंवा संकलक असे नाव आहे, तर संहितेच्या अनेक फाइलींपासून प्रत्यक्ष चालविता येईल अशी एक आज्ञावली सिद्ध करण्याच्या समग्र क्रियेस बांधणी अथवा बिल्ड म्हणतात. कंपायलरची जुनी आवृत्ती काढून नवी बसविली की, संहितेतील एक अक्षरही बदललेले नसताना, आदल्या दिवसापर्यंत सुरळीत होणारी बांधणी मध्येच थांबते आणि पडद्यावर त्रुटींच्या शेकडो ओळी उमटतात, असे पुष्कळदा घडते. अशा बिघाडांची कारणे, त्यांच्या निदानाची पद्धत व उपाय यांचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे. उदाहरणे मुख्यत्वे जीसीसी या कंपायलरची घेतली आहेत. रिचर्ड स्टॉलमन यांनी हा कंपायलर १९८७ मध्ये प्रथम प्रसृत केला. लिनक्स प्रणालीचा गाभा व तिच्यावरील असंख्य आज्ञावल्या याच कंपायलरने बांधल्या जात आल्या आहेत. २०१५ पासून त्याची एक प्रमुख आवृत्ती दरवर्षी निघते आणि प्रत्येक आवृत्तीत काय बदलले ते जाहीरपणे नोंदलेले असते, त्यामुळे अभ्यासाच्या दृष्टीने तो सोयीचा आहे.

बिघाडाचे स्वरूप : संगणक-भाषेचे मानक हा लिहिणारा व कंपायलर यांच्यातील करार असतो. लिहिणाऱ्याने कोणते नियम पाळावयाचे आणि ते पाळल्यास कंपायलरने कोणत्या अर्थाची हमी द्यावयाची, हे त्यात ठरलेले असते. व्यवहारात मात्र कंपायलर या कराराबाहेरच्या अनेक सवलती देत राहतो. नियमभंग झाला तरी तो केवळ इशारा देतो व पुढे जातो. कित्येकदा इशाराही देत नाही. वर्षानुवर्षे मिळणारी सवलत ही हळूहळू हक्कच वाटू लागते. नव्या आवृत्तीत ती काढून घेतली, की ‘कंपायलरने आज्ञावली मोडली’ अशी तक्रार होते. वस्तुतः आज्ञावली पूर्वीपासूनच सदोष असते आणि नव्या कंपायलरने तो दोष केवळ उघडा पाडलेला असतो. सर्वच प्रकरणी असे नसते. कंपायलरमध्येही दोष असतात व त्यांचा विचार पुढे केला आहे. परंतु निदानाची सुरुवात स्वतःच्या संहितेवर संशय घेऊन करावी, असाच या क्षेत्रातील दीर्घ अनुभव आहे.

बांधणी ही एकच क्रिया नसून तीत अनेक टप्पे असतात. आरंभी यंत्रावर कोणत्या सोयी उपलब्ध आहेत याची चाचपणी होते. मग प्रत्येक फाइलीत तिने मागितलेल्या हेडर फाइली समाविष्ट केल्या जातात. (अनेक फाइलींना लागणाऱ्या समाईक घोषणा ज्या फाइलीत एकत्र ठेवतात तिला हेडर फाइल म्हणतात.) त्यानंतर संहितेचे यंत्रसंकेतांत रूपांतर होते आणि शेवटी लिंकर नावाची आज्ञावली हे सुटे भाग व बाहेरील लायब्रऱ्या एकमेकांना जोडते. बिघाड कोणत्या टप्प्यावर झाला हे कळले की निम्मे काम झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

अघोषित फंक्शने : सवलत देणे व ती काढून घेणे यांचे सर्वांत बोलके उदाहरण सी भाषेच्या इतिहासात सापडते. डेनिस रिची यांनी ही भाषा १९७०–८० या दशकाच्या प्रारंभी बेल प्रयोगशाळेत घडविली. त्या काळी स्मृती अत्यंत तोकडी असल्याने भाषाही काटकसरीची होती. फंक्शन म्हणजे स्वतंत्र नाव असलेला, हवा तेव्हा पाचारण करता येणारा आज्ञावलीचा भाग. एखाद्या फंक्शनाची पूर्वघोषणा केलेली नसेल, तर ते पूर्णांक परत देते असे गृहीत धरले जाई. १९८९ च्या पहिल्या मानकानेही ही मुभा कायम ठेवली. १९९९ च्या मानकाने ती रद्द केली. तथापि, जीसीसीने या नियमभंगाला पुढील २५ वर्षे इशाऱ्यापलीकडे काही केले नाही. २०२३ मध्ये क्लँग या दुसऱ्या प्रमुख कंपायलरच्या १६ व्या आवृत्तीने व २०२४ मध्ये जीसीसीच्या १४ व्या आवृत्तीने ती त्रुटी मानण्यास सुरुवात केली आणि हजारो जुन्या आज्ञावल्यांची बांधणी अडली.

हा बदल केवळ शिस्तीच्या हौसेपोटी झाला नाही. ३२-बिटी यंत्रांवर पूर्णांक व स्मृतीतील पत्ता हे दोन्ही ३२ बिटांचेच असत. त्यामुळे पत्ता परत देणाऱ्या फंक्शनाला कंपायलरने पूर्णांक देणारे समजले, तरी हानी होत नसे. सध्याच्या ६४-बिटी यंत्रांवर पत्ता ६४ बिटांचा, परंतु पूर्णांक बहुधा ३२ बिटांचाच असतो. आता कंपायलर परत आलेल्या पत्त्याचे खालचे ३२ बिट ठेवतो आणि वरचे टाकून देतो. उदा., गेटएन्व्ह हे फंक्शन वापरकर्त्याने प्रणालीत ठेवलेल्या एखाद्या मूल्याचा पत्ता देते. लिनक्सच्या ६४-बिटी प्रणालीत ही मूल्ये स्मृतीच्या वरच्या टोकाकडे असल्याने छाटलेला पत्ता हमखास चुकीचा निघतो. गंमत अशी की, ‘मूल्य आहे की नाही’ एवढेच तपासणारी आज्ञावली अशाही स्थितीत बहुधा बिनदिक्कत चालते, कारण छाटून उरलेला अंक शून्य नसतो. ते मूल्य वाचावयास जाताच ती कोसळते. म्हणजे इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून झालेली ‘यशस्वी’ बांधणी हीच खरी धोक्याची होती. यावरील उपाय मात्र अगदी साधा आहे : योग्य हेडर फाइल समाविष्ट करावी, म्हणजे घोषणा आपोआप मिळते.

चाचपणीतील मूक बिघाड : वरील बदलाचा एक उपपरिणाम अधिक घातक असूनही कमी लक्षात येतो. अनेक आज्ञावल्यांबरोबर कॉन्फिगर नावाची फाइल दिलेली असते. यंत्रावर अमुक सोय आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी ती एक इवलीशी चाचणी-आज्ञावली लिहून कंपायलरकडे देते. ती बांधली गेली तर सोय आहे, न बांधली गेली तर नाही, असा निष्कर्ष काढते. जुन्या कॉन्फिगर फाइलींतील पुष्कळ चाचणी-आज्ञावल्या स्वतःच निष्काळजीपणे लिहिलेल्या आहेत. मुख्य फंक्शनाचा प्रकार न सांगणे, बाहेर पडण्याच्या फंक्शनाची हेडर फाइल न घेणे इ. प्रमाद त्यांत सर्रास आढळतात. नव्या कंपायलरने अशी चाचणी या भलत्याच कारणासाठी नाकारली, तरी कॉन्फिगर मात्र ‘सोय उपलब्ध नाही’ असे नोंदवून मोकळी होते. पुढील बांधणी निर्विघ्नपणे पार पडते आणि तयार झालेल्या आज्ञावलीतून एखादे अंग, उदा., मोठ्या फाइली हाताळण्याची किंवा संरक्षणाची एखादी सोय, गुपचूप गळालेले असते. येथे पडद्यावर त्रुटीची एकही ओळ दिसत नाही. म्हणून कंपायलर बदलल्यावर बांधणी यशस्वी झाली तरी, जुन्या व नव्या चाचपणीच्या निष्कर्ष-फाइली शेजारी ठेवून त्यांतील फरक पाहणे आवश्यक ठरते. ‘आहे’ चे ‘नाही’ झालेली प्रत्येक ओळ तपासावी. हे काम अर्ध्या तासाचे असते. ते टाळल्यास पुढे किती दिवस खर्ची पडतील याचा नेम नाही.

हेडर फाइलींचे अप्रत्यक्ष अवलंबन : एक हेडर फाइल दुसरीला आपल्यात ओढून घेते व लिहिणाऱ्याला दुसरी फुकट मिळते. कंपायलरच्या कर्त्यांनी आपल्या हेडर फाइलींची साफसफाई केली की ही फुकटची सोय जाते. सी++ च्या बाबतीत जीसीसी ४.३ (२००८) व जीसीसी १३ (२०२३) या आवृत्त्यांत असे ठळकपणे घडले. पहिल्या वेळी अक्षरमाला हाताळणारी नेहमीची फंक्शने आणि दुसऱ्या वेळी निश्चित बिटसंख्येच्या पूर्णांकांचे प्रकार अनेक आज्ञावल्यांना अनोळखी झाले. त्रुटींची यादी लांबलचक दिसते, पण एक ओळ वाढविताच ती नाहीशी होते.

जोडणीच्या टप्प्यावरील बिघाड : येथे लिंकर दोनच प्रकारची तक्रार करतो : एखादे नाव एकाहून अधिक ठिकाणी सापडले किंवा कोठेच सापडले नाही. पहिल्या प्रकाराचे उदाहरण जीसीसी १० (२०२०) मधील आहे. एखाद्या चलाची नुसती घोषणा करावयाची असता लिहिणाऱ्याने हेडर फाइलीत त्याची व्याख्याच केली, तर ती हेडर घेणाऱ्या प्रत्येक फाइलीत तो चल नव्याने निर्माण होतो. पूर्वी अशा सर्व प्रती एकत्र करून त्यांना एकच जागा देण्यात येई. फोर्ट्रान भाषेतील ‘कॉमन’ या समाईक स्मृतिखंडाच्या कल्पनेवरून ही रीत आली आणि तिचे नावही तेच राहिले. दहाव्या आवृत्तीपासून मूलस्थितीत हे एकत्रीकरण बंद झाले व ‘एकाच नावाच्या अनेक व्याख्या’ ही तक्रार घरोघर ऐकू येऊ लागली. हेडरमध्ये केवळ घोषणा ठेवून व्याख्या एका फाइलीत हलविणे हा खरा उपाय होय. जुनी रीत परत आणणारा पर्यायही उपलब्ध आहे. परंतु दोन फाइलींनी अजाणतेपणी एकच नाव दोन वेगळ्या कामांसाठी वापरले असेल, तर तो ही चूक पुन्हा झाकून टाकतो.

दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण जीसीसी ५ (२०१५) चे आहे. सी++ च्या २०११ च्या मानकाने अक्षरमालेच्या व यादीच्या अंतर्रचनेवर नवी बंधने घातली. अक्षरमालेची प्रत बदल होईपर्यंत न करता मूळ साठाच वाटून घेण्याची युक्ती निषिद्ध झाली आणि यादीतील घटकांची संख्या, यादी कितीही लांब असो, सारख्याच वेळात सांगता येणे आवश्यक ठरले. त्यामुळे या दोहोंची स्मृतीतील मांडणी बदलावी लागली. जुन्या मांडणीच्या लायब्ररीची नव्या मांडणीच्या आज्ञावलीशी गाठ पडून अनर्थ होऊ नये, यासाठी नव्या प्रकारांना आतून निराळी नावे देण्यात आली. जुन्या कंपायलरने बांधलेली लायब्ररी तशीच ठेवून केवळ आज्ञावली नव्याने बांधली की लिंकरला ही नावे सापडत नाहीत. अशा वेळी मूळ संहितेत काहीही शोधत बसू नये. सर्व लायब्रऱ्या एकाच कंपायलरने पुन्हा बांधाव्यात. ज्या लायब्ररीची मूळ संहिता आपल्याकडे नाही, तिच्यासाठी संपूर्ण आज्ञावलीच जुन्या मांडणीने बांधण्याचा पर्याय ठेवलेला आहे.

बांधणी होते, पण वर्तन बदलते : हा प्रकार सर्वांत कठीण. नियमभंग झाल्यास काय घडेल याची कोणतीच हमी मानक देत नाही, अशा स्थितीला ‘अनिर्धारित वर्तन’ म्हणतात. आज्ञावलीचा वेग वाढविण्यासाठी कंपायलर जे इष्टतमीकरण करतो, त्यात ‘लिहिणाऱ्याने नियम पाळले आहेत’ हे गृहीतच धरलेले असते. जीसीसी ४.८ (२०१३) मध्ये या गृहीताचा उपयोग अधिक कठोरपणे होऊ लागला. त्याचा फटका बसलेल्यांत एसपीईसी सीपीयू २००६ या, संगणकांचा वेग मोजण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या संचातील एक आज्ञावली होती. चित्रफितींचे संपीडन करणाऱ्या त्या आज्ञावलीत १६ घटकांच्या कोष्टकावर फिरणारे एक आवर्तन होते. शेवटच्या फेरीनंतर, आवर्तन संपले की नाही हे तपासण्यापूर्वी, ते कोष्टकाबाहेरील सतरावा घटक एकदा वाचत असे. वाचलेले मूल्य कोठेही वापरले जात नव्हते व म्हणून त्या चुकीचा त्रास कधी झाला नव्हता. नव्या कंपायलरचा युक्तिवाद असा : कोष्टकात १६ च घटक आहेत, अर्थी क्रमांक १६ पर्यंत पोचणे शक्य नाही, अर्थी ‘क्रमांक १६ पेक्षा कमी आहे का’ हा प्रश्न नेहमीच होकारार्थी, अर्थी तो विचारण्याची गरज नाही. आवर्तन अनंत झाले. तर्कात खोट काढता येत नाही, ही त्यातील चमत्कारिक गोष्ट होय. जीसीसी ६ (२०१६) मध्येही असेच घडले. सी++ मधील वस्तूचा स्वतःचा पत्ता कधीही शून्य नसतो, असे धरून त्याविषयीची तपासणी कंपायलरने काढून टाकली आणि क्यूटी ५ व क्रोमियम यांसारख्या बलाढ्य आज्ञावल्यांना त्याची झळ लागली.

निदानाची पद्धत : नवा कंपायलर बसविताना जुना काढून टाकू नये. प्रथम कोणता कंपायलर प्रत्यक्षात चालतो आहे ते आवृत्ती विचारून पाहावे; आपण नवा समजत असताना बांधणी-फाइलीत जुन्याचाच मार्ग लिहिलेला आढळणे विरळा नाही. त्यानंतर पूर्वीच्या बांधणीचे सर्व अवशेष पुसून कोऱ्या जागी बांधणी करावी, कारण जुने व नवे सुटे भाग मिसळले गेले तर उद्भवणाऱ्या त्रुटींना काहीच अर्थ नसतो. मग त्याच यंत्रावर जुन्या कंपायलरने बांधणी करून पाहावी. कंपायलरबरोबर बहुधा लिंकर, मूळ लायब्ररी आणि हेडर फाइलीही बदललेल्या असतात. जुन्यानेही बांधणी अडली तर कंपायलर निर्दोष ठरतो व शोध दुसरीकडे वळवावा लागतो.

हल्ली वेळ वाचविण्यासाठी अनेक फाइली एकाच वेळी संकलित केल्या जातात. त्यामुळे त्रुटी एकमेकींत मिसळतात. निदानासाठी बांधणी एकेरी चालवावी आणि केवळ पहिल्या त्रुटीकडे पाहावे. एक प्रकार अनोळखी राहिला की तो वापरणारी प्रत्येक ओळ चुकीची ठरते. शेवटची त्रुटी पडद्यावर समोर असते म्हणून नवखे लोक तीच वाचतात आणि भरकटतात. पहिली त्रुटी मुळात इशारा होता की काय, हेही पाहावे. सर्व इशाऱ्यांना त्रुटी मानावे असा एक पर्याय असतो. आज्ञावली विकसित करताना तो उपयुक्त आहे. पण दुसऱ्यांना वाटावयाच्या संहितेत तो ठेवल्यास, नवा कंपायलर एखादा नवा इशारा देऊ लागताच बांधणी थांबते. कंपायलरबरोबर प्रसिद्ध होणारी स्थलांतर-पुस्तिका बहुतेक नेहमीच्या त्रुटींचे उत्तर देते. ती वाचण्यापूर्वी संहितेला हात लावणे म्हणजे वेळेचा अपव्यय होय.

बांधणी होऊन वर्तन चुकत असेल, तर इष्टतमीकरण बंद करून पाहण्याची प्रथा आहे. दोष नाहीसा झाला तरी कंपायलर दोषी ठरत नाही. वर सांगितलेल्या अनंत आवर्तनाचा दोषही इष्टतमीकरण बंद करताच दिसेनासा होतो. त्याऐवजी स्मृतीचा गैरवापर व अनिर्धारित वर्तन चालत्या आज्ञावलीत टिपणारे तपासनीस वापरावेत. जीसीसीत ते अनुक्रमे ४.८ व ४.९ या आवृत्त्यांपासून अंतर्भूत आहेत. एवढ्यानेही मूळ सापडले नाही, तर द्विभाजनाचा मार्ग उरतो. दोन्ही कंपायलरांचे सुटे भाग परस्परांशी जुळणारे असल्यास अर्ध्या फाइली जुन्याने, अर्ध्या नव्याने संकलित करून जोडाव्यात व दोष कोणत्या अर्ध्यात राहतो ते पाहावे. एकच फाइल दोषी असेल तर १,०२४ फाइलींतून ती १० प्रयत्नांत हाती लागते.

कंपायलरमधील दोष : कंपायलर ही देखील माणसांनी लिहिलेली आज्ञावलीच आहे. अमेरिकेतील यूटा विद्यापीठाच्या संशोधकांनी यदृच्छेने चाचणी-आज्ञावल्या निर्माण करणारे सीस्मिथ हे साधन तयार केले. त्याच्या साहाय्याने विविध कंपायलरांतील ३२५ हून अधिक अज्ञात दोष उघडकीस आणल्याचे त्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केले. २०१४ मध्ये लिनक्स प्रणालीच्या गाभ्याला जीसीसी ४.९.० च्या अशा दोषाचा उपद्रव झाला. कंपायलरने निर्माण केलेले संकेत कार्यस्मृतीत जागा राखून ठेवण्यापूर्वीच तेथे मूल्य लिहीत होते. त्या दोन सूचनांच्या मधल्या क्षणी बाहेरून व्यत्यय आला तरच ते मूल्य नष्ट होई, त्यामुळे बिघाड क्वचित व अनियमितपणे दिसे. कंपायलरला दोष देण्यापूर्वी संहिता छाटत छाटत दोष दाखविणाऱ्या मोजक्या ओळींवर आणावी. या छाटणीत बहुधा लिहिणाऱ्याची स्वतःचीच चूक समोर येते. न आल्यास त्या मोजक्या ओळी कंपायलरच्या कर्त्यांना पाठविण्यास उत्तम असतात.

तात्पुरते पर्याय : सवलत परत मिळवून देणारा पर्याय बहुतेक प्रत्येक बदलाबरोबर दिलेला असतो आणि काम अडलेले असता तो वापरण्यात काही गैर नाही. परंतु तो कोणत्या दिवशी, कोणत्या त्रुटीसाठी घातला हे त्याच्याशेजारी लिहून ठेवले पाहिजे. एका संस्थेच्या बांधणी-फाइलीत प्रस्तुत लेखकास असे अकरा पर्याय आढळले होते. ते घालणारे केव्हाच सोडून गेले होते आणि काढण्याचे धैर्य मागे राहिलेल्यांना नव्हते. एकेक काढून पाहता त्यांतील आठ निरुपयोगी ठरले. उरलेल्या तिहींच्या मागे मात्र खरे दोष दडले होते. कंपायलर मुळीच न बदलणे हाही एक मार्ग आहे आणि विमानाच्या नियंत्रणासारख्या क्षेत्रांत, जेथे बांधणीची साधनेही तपासून मान्य करावी लागतात, तो विचारपूर्वक स्वीकारला जातो. इतरत्र त्याने काम केवळ साचत जाते, कारण पाच आवृत्त्या ओलांडून एकदम पुढे जाताना पाचांचेही बदल एकत्र अंगावर येतात आणि कोणती त्रुटी कोणत्या बदलामुळे आली हे उमगत नाही. अशा वेळी एकेक आवृत्ती ओलांडत जाणे दिसावयास मंद, परंतु प्रत्यक्षात लवकर संपणारे असते.

लिनक्सच्या डेबियन, फेडोरा यांसारख्या वितरणांत नवा कंपायलर स्वीकारताना संग्रहातील आज्ञावल्या मोठ्या प्रमाणावर त्याने पुन्हा बांधून पाहण्याची पद्धत आहे. अडलेल्या आज्ञावल्यांची दुरुस्ती करून ती मूळ कर्त्यांकडे पाठविली जाते. जीसीसी १५ (२०२५) ने सी भाषेचे २०२३ चे मानक मूलस्थितीत स्वीकारल्यावर हे काम पुन्हा निघाले. या मानकानुसार फंक्शनाच्या नावापुढील रिकाम्या कंसाचा अर्थ ‘काहीही दिलेले चालेल’ असा न राहता ‘काहीही देऊ नये’ असा झाला. सत्य-असत्य दर्शविणारे शब्दही भाषेचे राखीव शब्द झाले. त्यामुळे ते ज्या आज्ञावल्यांनी स्वतः व्याख्या करून वापरले होते, त्यांतील पुष्कळांची बांधणी अडली. आज्ञावलीची दुरुस्ती होईपर्यंत २०१७ चे मानक नावाने मागून घेता येते.